हिरामणदादाचा गोल

हिरामणदादा कुणाशीही बोलताना त्या माणसाकडे कधी बघत नसे. शेजारी, अर्धं पाऊल मागे उभा राहायचा, दोन बोटं समोरच्याच्या बरगडीला टेकवायचा आणि नजर भलतीकडेच. मग तो पोस्टमन असो, डॉक्टर असो, नाहीतर रोह्याच्या स्टँडवरचा कंडक्टर. एकदा पेणच्या एका लग्नात मुलीच्या मामाने वैतागून विचारलंच, "अहो, माझा खिसा चाचपताय की काय?" दादा बिचारा ओशाळला. अठरा वर्षं पगारी फुटबॉल खेळलेला माणूस तो, आणि तोही डिफेंडर. बॉलवर डोळा आणि माणसावर बोटं, हीच त्याची नोकरी. माणूस हलला की बोटांना कळतं, बघावं लागत नाही. अंगात मुरलेली सवय, ती लग्नाचा मांडव बघून थोडीच सुटणार!

माझी त्याची ओळख रोह्याजवळच्या वरशाच्या टर्फवर झाली. मी रोह्याला कंपनीत. आठवडाभर शिफ्ट करून आम्ही सातआठ जण रविवारी तिथे बॉलला लाथा घालायचो आणि स्वतःला खेळाडू म्हणवून घ्यायचो. एका रविवारी आमचा एक जण कमी पडला. कठड्याला टेकून एक पोट सुटलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला गृहस्थ उभा होता. त्याला म्हटलं, "काका, येता का? नुसतं उभं राहायचंय." तो म्हणाला, "उभा ऱ्हातो की. तेच येतं मला." तासभर तो खरंच उभा राहिला. आणि त्या तासात मला बॉलला एकदाही पाय लावता आला नाही. मी धावून धावून मेलो, आणि हा पठ्ठ्या दर वेळी माझ्या आधीच तिथे हजर, श्वासही चढलेला नाही! त्या दिवशी मी फॉरवर्ड खेळणं सोडलं आणि गोलकीपर झालो.

"बॉलच्या मागं कशाला धावतोस रं?" चहा पिताना तो म्हणाला. "पानी कुठं घुसंल तं बघायचं आन आधी तिथं जाऊन ऱ्हायचं."

पाण्याचा काय संबंध, हे मला नंतर कळलं. दादाचं गाव धरमतरच्या खाडीकाठचं. इकडे भातशेती, तिकडे खाडी आणि मध्ये मातीचा बांध. उधाणाला या बांधाला भगदाड पडतं, त्याला तिकडे खांड म्हणतात. खांड पडल्याची आरोळी आली की घरटी एका माणसाने हातातलं काम टाकून धावायचं, हा गावचा नियम. मागून चिखलाचे गोळे येईपर्यंत पुढच्यांनी खांडीत आडवं उभं राहायचं आणि पाणी अंगावर घ्यायचं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. दादाचे वडील लवकर गेले. मग घरटी एक माणूस म्हणून त्याची आई जायची. लुगडं खोचून, छातीभर पाण्यात. दादा लहानपणी बांधावर बसून ते बघायचा. पुढे मुंबईत, गोव्यात, कुठल्या कुठल्या क्लबांत तो खेळला, चार भाषांतल्या शिव्या खाल्ल्या आणि पाच भाषांतल्या परत केल्या. पण कोचने शिकवलेलं त्याला काही आठवायचं नाही. "माजा कोच माजी आय," एवढंच म्हणायचा.

आता गंमत अशी, की खुद्द आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला फुटबॉलमधला एकच शब्द माहीत, गोल. पोराने पहिला गोल केला की गावदेवाला नारळांचं तोरण बांधीन, असा तिने नवस केलेला. अठरा वर्षं ती फोनवर विचारायची, "केलास का रं गोल?" आणि अठरा वर्षं हा सांगायचा, "नाय गो आय." डिफेंडरचं काम गोल करणं नसतं हे त्याने कितीदा तरी सांगून पाहिलं. म्हातारी म्हणायची, "मंग तुला पगार कशाचा देतात रं ते?"

एकदा मात्र पेपरात त्याचं नाव आलं. गोल करणाऱ्यांच्या यादीत, हिरामण! शेजाऱ्याने ओरडत येऊन बातमी दाखवली. म्हातारीने त्याच पावली पेणला जाऊन पेढे आणले, गावभर वाटले. तोरणाचे नारळही सोलायला घेतले. तेवढ्यात शाळेतल्या गुरुजींनी पेढा तोंडात ठेवूनच बातमी नीट वाचली आणि त्यांचा पेढा तिथेच अडकला. गोल दादाचाच होता, पण स्वतःच्याच संघावर झालेला. परतवायला गेला आणि बॉल पायाला लागून आपल्याच जाळीत. म्हातारीने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "आपल्याच बांधाला खांड पाडलीस व्हय रं?" त्यानंतर दादा म्हणे दोन दिवस जेवला नाही. हे सांगताना तो हसायचा, पण तेव्हा त्याची बोटं माझ्या बरगडीवर जरा जोरात रुतायची.

गेल्या वर्षी डॉक्टरने गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं. त्यानंतर खेळ कायमचा बंद. म्हातारीच्या मोतीबिंदूचं नुकतंच झालेलं, तिला स्वच्छ दिसायला लागलेलं. मी एकदा त्याच्या घरी गेलो, तेव्हा तिने दादाला नाही, मलाच बजावलं, "बाबा, मला एक गोल दाव. मंग मी मरायला मोकली." पेण विरुद्ध रोहा असा आमचा दोस्तीचा सामना रामवाडीजवळच्या मैदानावर दर वर्षी होतो. आम्ही कट केला. दादा पेणकडून खेळणार, त्याला पेनल्टी मिळवून द्यायची आणि रोह्याचा गोलकीपर, म्हणजे मी, उलट्या बाजूला पडणार. रेफ्रीही कटात. फक्त आमचा परेश फर्स्ट शिफ्ट करून थेट मैदानात आला आणि त्याला सांगायचं राहून गेलं.

म्हातारी प्लास्टिकच्या खुर्चीत, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर नारळाची पिशवी. दादा आमच्या बॉक्समध्ये येताच रेफ्रीने शिट्टी फुंकली. पेनल्टी! दादा भडकला. "कुनी पाडलं मला? मी उभाच हाय की!" अरे देवा, असला प्रामाणिक माणूस! सगळ्यांनी मिळून त्याला ढकलत बॉलपाशी नेलं. मी हळूच म्हटलं, "दादा, उजवीकडे मार. मी डावीकडे पडतोय."

"गप रं," तो म्हणाला. मग त्याने खुर्चीकडे पाहिलं. आणि दोन पावलं मागे गेला.

मी ठरल्याप्रमाणे डावीकडे अंग झोकून दिलं. उजवीकडे बैलगाडी जाईल एवढी जागा. आणि दादाने बॉल दूर घालवायच्या आयुष्यभराच्या सवयीने तो असा उंच लाथाडला, की वरच्या दांड्यावर आदळून तो थेट अर्ध्या मैदानात, परेशच्या पायात! परेश सुटला. पेणचा गोलकीपर कुठे, तर पेनल्टीचं मोबाइलवर शूटिंग करायला पुढे आलेला. गोल सताड उघडा. आणि रिकामा गोल दिसला की आमच्या परेशला स्टाइल सुचते. तो रमतगमत, कॅमेऱ्याकडे बघत निघाला.

तेवढ्यात माझ्यासमोरून वारं गेल्यासारखं झालं. दादा धावत होता. परेशच्या मागे नव्हे, सरळ पेणच्या गोलकडे. त्या सडक्या गुडघ्यावर अख्खं मैदान कापून तो रेषेवर पोचला आणि परेशच्या लाथेसमोर आडवा पडला. बॉल फाडकन तोंडावर बसला आणि बाहेर गेला.

मी मातीत तोंड खुपसून मनाशी म्हणत होतो, वाट लागली, म्हातारीचा एकुलता एक गोल गेला. इतक्यात खुर्ची उलटल्याचा आवाज आला.

"बुजवली!" म्हातारी उभी राहून किंचाळत होती. "खांड बुजवली रं माज्या पोरानं!"

दादाला दोघांनी धरून बाहेर आणलं. ओठ फुटलेला, गुडघा टम्म. म्हातारीने पदराने त्याचं रक्त पुसलं. "अरं येड्या, हेच काम करीत व्हतास इतकी वर्सं? मंग आधी सांगायचंस ना! मी देवाला भलतंच मागत बसले." दादा तिच्या शेजारी अर्धं पाऊल मागे उभा राहिला, दोन बोटं तिच्या बरगडीला टेकवली आणि मैदानाकडे बघत राहिला. डोळे वाहत होते, पण नजर बॉलवरच. म्हातारीने ती बोटं झटकली नाहीत.

ऑपरेशननंतर दादा टर्फवर येत नाही, गावीच असतो. मला त्याची फार आठवण येते. बोलताना कुणी बरगडीला हात लावत नाही, तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गावी गेलो होतो. गावदेवाला तोरण बांधलेलं. पुजाऱ्याने कौतुकाने विचारलं, "काकू, केला वाटतं गोल हिरामणनं?"

"कुनीच नाय केला," म्हातारी ताठ मानेने म्हणाली. "माज्या पोरानं करूच दिला नाय."