मामा अँड दादा टेलर्स

चहा आधी संपवा बरं का, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या कुलकर्ण्यांना ठसका लागला आणि त्यांचा पांढरा शर्ट कामातून गेला. माती खाल्ली मी आणि डाग त्यांना!

तर इथं आखातात, वेस्ट बेच्या आमच्या ऑफिसात जुमा नावाचा सर्व्हेअर आहे. टांझानियाचा. माणूस सोन्यासारखा. त्याच्या गावच्या शाळेला आम्ही आठ-दहा जण दरवर्षी वह्या, दप्तरं, रंगपेट्या पाठवतो. जुमा सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत आमच्या पिशव्या आणि त्याचे कपडे बिचाऱ्याच्या अंगावर तेवढेच!

त्याची एकच गोष्ट मला खुपायची. तो मला 'काका किरण' म्हणायचा. अरे, मी चव्वेचाळीसचा, तू अडतीसचा. काका कसला?

यंदा सुट्टीवर जाण्याआधी तो म्हणाला, "शाळेशेजारी शिलाईचं दुकान निघतंय. मामा फुराहा आणि दादा तुमैनी मिळून काढतायत. उद्घाटनाला शाळेची कमिटी येणार. युनिफॉर्मचं काम त्यांना द्यायचं की शहरातल्या दुकानाला, ते तिथंच ठरेल."

मामा! दादा! ऊर भरून आला हो माझा. एवढ्या लांबच्या गावात आपल्यासारखाच एक मामा आहे, एक दादा आहे!

"मामा कामाला कसे आहेत?" मी विचारलं.

"ही इज व्हेरी गुड टेलर!" जुमा म्हणाला.

आता जुमाच्या स्वाहिली भाषेत तो आणि ती याला एकच शब्द. त्यामुळे त्याच्या इंग्रजीत सगळेच 'ही'. बायको 'ही', सासूसुद्धा 'ही'. हे मला फार उशिरा कळलं. तो 'ही' मी इंग्रजीतला धरला. मराठीतला धरला असता तर वाचलो असतो की नाही?

बाकीच्यांनी कात्र्या, धागे, बटणं वाटून घेतली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "दुकानाची पाटी माझ्याकडे!"

अल वक्राला आमच्या घराजवळ रत्नागिरीच्या सलीमभाईंचं प्रिंटिंगचं दुकान आहे. मी त्यांना नाव सांगितलं, 'मामा अँड दादा टेलर्स'.

"चित्र नको?" सलीमभाई म्हणाले. "दोन टेलर काढूया. पण मिशी पायजे हां! बिनमिशीच्या टेलरवर कोन विश्वास ठेवील?"

"घाला की मग!"

"मामाला घालू की दादाला?"

"दोघांनाही घाला! हात आखडू नका."

सलीमभाईंनी हात मुळीच आखडला नाही. लिंबू ठेवावं अशा मिशा! वर कपड्यात शिवायला त्याच चित्राची लेबलं छापली, हा एवढा गठ्ठा.

बायको म्हणाली, "अहो, जुमाला एकदा दाखवा तरी."

"सरप्राइज आहे!"

"बाबा, जस्ट आस्क हिम ना," लेक म्हणाली.

ऐकतोय कोण! पाटीची गुंडाळी केली, चहूबाजूंनी टेप मारला आणि दिली जुमाच्या बॅगेबरोबर.

उद्घाटन शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी होतं. सगळं ऑफिस आमच्या हॉलमध्ये, पोह्यांच्या बश्या हातात, व्हिडिओ कॉल टीव्हीला जोडलेला. पडद्यावर शाळेचं मैदान, पोरांची ही गर्दी, कोट घातलेले हेडमास्तर आणि पिवळ्या-निळ्या झग्यांतल्या दोन हसऱ्या बायका.

"अरे जुमा, मामा कुठायत?"

"हे काय, समोरच आहेत!"

म्हटलं, असतील बायकांच्या मागे. लाजाळू असतील बिचारे.

पाटीवरचं कापड ओढलं. पोरं टाळ्या वाजवायच्या तयारीत होती, त्यांचे हात तसेच राहिले. त्या दोघींचं हसू गेलं. हेडमास्तर पाटीखाली उभे राहून कडक आवाजात काहीतरी म्हणाले.

जुमाचा चेहरा उतरला. "किरण, सर विचारतायत, हे दोन पुरुष कोण? शहरातले आहेत का? दुकान यांचं असेल तर काम मिळणार नाही. काम गावातल्या बायकांना द्यायचं होतं."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "अरे, हेच तर मामा! आणि हे दादा!"

"किरण," जुमा हळूच म्हणाला, "आमच्यात मामा म्हणजे आई. दादा म्हणजे बहीण."

हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"मग... मला काका म्हणतोस ते?"

"काका म्हणजे भाऊ!"

दोन वर्षं! दोन वर्षं त्या एका 'काका'पायी मी केसांना रंग लावत होतो हो!

पण रडायला वेळ नव्हता. माझ्या मिशांपायी त्या दोघींचं काम जात होतं. मी टीव्हीसमोर उभा राहिलो, हात जोडले. "सर, आमच्या भाषेत मामा म्हणजे आईचा भाऊ. दुकान या दोघींचंच आहे. मूर्खपणा तेवढा माझा."

जुमानं भाषांतर केलं. शेवटचं वाक्य त्यानं दोनदा सांगितलं असा मला दाट संशय आहे.

मामा फुराहा, म्हणजे त्या बाई, कॅमेऱ्याजवळ आल्या. मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. आणि मग अशा हसत सुटल्या की खालीच बसल्या! तुमैनी हसली, पोरं हसली, शेवटी हेडमास्तरांचा कोटसुद्धा हलायला लागला. युनिफॉर्मचं काम तिथल्या तिथं दोघींना मिळालं. खरं सांगतो, मला रडू आलं. हॉलमध्ये सगळ्यांना वाटलं, लाजेनं रडतोय. वाटू दे.

"पाटी उतरवा हो आधी," मी म्हणालो.

"मुळीच नाही," मामांनी कळवलं. "अख्खा गाव बघायला येतोय."

महिन्यानं जुमा परतला तो माझ्यासाठी एक पुडकं घेऊन. वर लिहिलेलं, 'दादा किरण'. आत पिवळ्या-निळ्या कापडाचा पायघोळ फ्रॉक! गळ्याशी माझंच लेबल, मिशांसकट. आणि चिठ्ठी: 'तू आम्हाला मिशा दिल्यास, आम्ही तुला बहीण मानलं.'

तेव्हापासून घरात मला किरणताई म्हणतात. म्हणू देत.

फ्रॉक बायकोला ढगळ होतो. लेक तर त्यात हरवूनच जाते. मग तो होतो कुणाला, असं कृपा करून विचारू नका. एवढंच सांगतो की जुमा बोलला ते शंभर टक्के खरं, बाई व्हेरी गुड टेलर आहे. नुसत्या नजरेनं माप घेतलं, पण पोटाशीसुद्धा कुठं आवळत नाही हो!