ताटातला मिठाचा कोपरा

अक्का गेल्याचं मला एका वजनकाट्यामुळे कळलं. त्यांच्या सुनेचा फोन आला होता. सुरतला राहणाऱ्या या वहिनींशी मी आधी एकदाच बोलले होते. "ताई, तुमचा छोटा काटा इथं राहिलाय. घर रिकामं करतोय, ठेवू का टाकून देऊ?" घर का रिकामं करताय, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आई गेल्या ना. तेरावंही झालं. तुम्हाला कुणी कळवलं नाही? जुन्या भाडेकरणीला कळवायचं कुणाच्या लक्षात येणार? मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "ठेवा," म्हणाले, "मी येऊन घेऊन जाते."

मी मूळची जळगावची. नोकरीसाठी धुळ्याला गेले आणि देवपुरात अक्कांच्या मागच्या खोलीत राहू लागले. अक्का एकट्याच होत्या. पती जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरीही मोजकं बोलणारी. अक्कांची अहिराणी मला निम्मी कळायची आणि उरलेल्या निम्म्यावर मी नुसती हसायचे. त्यांना ते चालायचं. पहिले काही महिने आमचं बोलणं पाण्याची मोटर आणि गेटची कडी यापलीकडे गेलं नाही.

पाठ दुखायची म्हणून मी जिममध्ये जायला लागले. तिथल्या ट्रेनर मॅडमनी एकदा माझे खांदे पाहिले आणि महिलांच्या फिटनेस स्पर्धेत उतरशील का, असं विचारलं. मी वर्गात कधी हात वर केला नव्हता. लग्नकार्यात फोटो काढायची वेळ आली की मी चपला शोधायला जायचे. तरीही हो म्हणाले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज वाटतं, लोक एरवीही बघतातच, रस्त्यात, ऑफिसात, बसस्टँडवर... एकदा तरी मी म्हणेन तेव्हा आणि मी म्हणेन तशी मला बघा, एवढंच हवं होतं. स्पर्धा नेमकी जळगावला होती. कपडे कसले घालावे लागतात ते माहीत असल्यामुळे घरी सांगितलं नाही. मैत्रिणी नव्हत्याच. म्हणजे माहीत होतं ते मॅडमना, आणि खोलीतून दिवसभर उकडलेल्या अंड्यांचा वास यायला लागल्यावर अक्कांना.

त्या माळकरी. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी मागच्या ओट्यावर एक जुना स्टोव्ह आणून ठेवला आणि अंडी इथं उकडायची, आत नाही, एवढंच सांगितलं. पुढं मला सकाळी उशीर होऊ लागला तेव्हा नाकाला पदर लावून त्याच उकडून ठेवू लागल्या. मी बलक काढून टाकते हे पाहिल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. जग पिवळ्यासाठी अंडं घेतं आणि ही पोर पिवळंच फेकते, असं त्यांनी भिंतीपलीकडच्या बाईंना सांगितलं. काट्यावर भात मोजताना पाहिलं तेव्हा मलाच म्हणाल्या, "तू काय सोनार शेस का? घासबी तोलीसन खास."

या आहाराबद्दल लोक भुकेचं बोलतात. भूक सहन होते. सहन होत नाही ते एकटं जेवणं. ठरावीक वेळ झाली की सगळ्यांपासून उठून कोपऱ्यात डबा उघडायचा. थंडीत ऑफिसची भरीत पार्टी होती, शेतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, तेलाचा आणि मिरचीचा वास सगळीकडे पसरलेला, आणि मी बांधावर बसून उकडलेलं चिकन चावत होते. कुणीतरी म्हणालं, मॅडमला आपलं अन्न चालत नाही. सगळे हसले. वाईट हेतू नव्हता, पण मी डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले. मी कुठं गेले होते ते अक्कांना माहीत होतं; त्यांनी माझा चेहरा पाहिला. दुसऱ्या दिवशी वांगं भाजून, थेंबभर तेल न घालता भरीत केलं आणि काट्यासह माझ्यासमोर ठेवलं. खानदेशी बाईनं तेलाशिवाय भरीत करणं म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. मग स्वतःचा पाट ओढून समोर बसल्या. "एकलं मानूस जेवाले बसनं का अन्नले बी करमत नई," म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्या घरातल्या प्रत्येक जेवणाला त्या समोर असायच्या. स्वतःचं जेवण झालेलं असलं तर शेंगा सोलायला घ्यायच्या, नाहीतर नुसता चहा. आम्ही फारसं बोलायचो नाही. ताट वाढताना त्यांचा एक क्रम ठरलेला होता: आधी वरच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ, मग बाकी सगळं.

शेवटच्या आठवड्यात मॅडमनी माझं मीठ बंद केलं. त्वचेखालचं पाणी उतरलं की स्नायू रेखीव दिसतात म्हणून. मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांचा हात बरणीवरच थांबला. त्यांनी कोपऱ्यात वाढलेलं मीठ बोटानं पुसून घेतलं. त्यांच्या गावी अळणी अन्न शिजतं ते घरात कुणी गेलं म्हणजे, हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की त्या आठवड्यात त्या माझ्या ताटाकडे बघत नव्हत्या. दुधीची भाजी मला चक्क चवदार लागायला लागली होती. वाटलं, जीभ सरावली असेल.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मॅडमनी माझं पोट बघून विचारलं, मीठ खाल्लंस? मी शपथेवर नाही म्हणाले.

जळगावच्या त्या सभागृहापासून माझं घर रिक्षानं जेमतेम पाच मिनिटांवर. आई त्या वेळी देवापाशी दिवा लावत असेल, आणि मी स्नायू उठून दिसावेत म्हणून अंगभर तपकिरी रंग फासून पडद्यामागे उभी होते. आजूबाजूच्या मुलींचे भाऊ, नवरे, मैत्रिणी पाणी आणि टॉवेल घेऊन धावत होत्या. नाव पुकारल्यावर मी पुढं गेले. दिव्यांमुळे समोरचं काही दिसत नव्हतं. नंतर सवय झाली तेव्हा दिसल्या... तिसऱ्या रांगेत, डोक्यावरून पदर, मांडीवर डब्याची पिशवी. धुळ्याहून एसटीनं एकट्या आल्या होत्या. मला सांगितलंही नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते, त्या वाजवत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, जेवायला बसल्यावर बघायच्या तशाच. मी खांदे ताठ केले आणि पहिली पोज दिली.

परतीच्या एसटीत पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "तुना नंबर उना का?"

"नई उना," मी म्हणाले. 'नाही आला' हे उत्तर मी पहिल्यांदाच अहिराणीत दिलं होतं.

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मीठ मी टाकं व्हतं. चिमूटभर, रोज." थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता, "जित्ता मानूसले अळणी कसं वाढू?"

चिमूटभर मिठानं माझा नंबर गेला असं नाही. माझ्यापेक्षा चांगल्या मुली होत्या.  मी अक्कांच्या पिशवीतला डबा काढून मांडीवर उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, आणि कागदाच्या पुडीत मीठ. आम्ही दोघींनी धुळं येईपर्यंत खाल्लं.

पुढं माझी बदली जळगावला झाली. सामान बांधताना काटा राहिला. मी फोन करायचे, पण फोनवर आमचं बोलणं पुन्हा मोटर आणि कडीपाशीच थांबायचं.

मी काटा आणायला गेले तेव्हा घर जवळजवळ रिकामं होतं. वहिनींनी चहा दिला. काटा स्वयंपाकघराच्या फळीवर असेल म्हणून मी तिकडे वळले, तर त्या म्हणाल्या, "तिथं नाही. आईंच्या जेवायच्या जागेसमोर होता. आम्ही आलो की उचलून ठेवायचो, आम्ही गेलो की त्या परत तिथंच मांडायच्या. काय मोजायच्या, देव जाणे."

काही मोजत नसणार... मी काटा पिशवीत ठेवला आणि निघाले.

यंदा मी पुन्हा उतरते आहे. आईला सांगितलंय. ती अजून नीट बोलत नाही आणि मी माझ्या खोलीत एकटीच जेवते. उद्यापासून मीठ बंद. ते नियमाप्रमाणे बंदच राहील, मी खाणार नाही. पण ताट घेताना आधी वरच्या कोपऱ्यात चिमूटभर वाढीन, काटा समोर ठेवीन, आणि मगच पहिला घास घेईन.