पाचटातली छत्री

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यातली गोष्ट. नवरा फौजेत, घरी सासू-सासरे, ऊस आणि दोन म्हशी, एवढा माझा संसार. गाव कराडपासून एसटीने अर्ध्या तासावर. आम्ही चार-पाच जणी कराडला शेतीचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. बाकीच्या भांड्यांच्या दुकानांकडे वळल्या आणि मी एका टांगलेल्या पिशवीसमोर अडकले.

प्लास्टिकच्या पिशवीत उसाचं चिरलेलं पाचट, म्हणजे वाळका पाला, ठासून भरलेलं, आणि तिच्या भोकांतून शिंपल्यांसारख्या पांढऱ्या-करड्या छत्र्या एकीवर एक फुटलेल्या. माती नाही, मूळ नाही.

"हे रोप आहे का?" मी तिथल्या मॅडमना विचारलं.

"रोप नाही आणि प्राणीही नाही," त्या म्हणाल्या. "अळंबी. वाळलं पाचट खाऊन वाढते. आपण तिची भाजी खायची."

आमच्याकडे ऊस तुटला की पाचटाला काडी लावायची रीत. गावभर काजळी उडायची, वाळत घातलेली लुगडी काळी व्हायची. ते जाळायचं पाचट कुणी खातंय, हे मला खरंच वाटेना. मी तिथून बियाण्याची पिशवी घेतली. बियाणं म्हणजे पांढरी बुरशी चढलेली ज्वारी. सासूबाईंनी ती बघितली आणि कपाळाला हात लावला. "आगं, कुजकी जुंधळं इकत आणलीस व्हय?"

अळंबीला गार, अंधारी खोली लागते. आमच्या घरावर पत्रा, दुपारी तापायचा. बौद्ध वस्तीतल्या आक्का आमच्याच रानात भांगलायला यायच्या. त्यांचे मालक साताऱ्याला कारखान्यात, त्यामुळे मागची खोली मोकळी. मातीच्या भिंती, कौलं, वर लिंबाची सावली. मी विचारलं तर आक्कांनी आधी बियाणं नाकाशी धरलं, मग दाणा फोडून आत बघितलं.

"आतनं बी पांढरं हाय गं," त्या म्हणाल्या. "चल, लावून तर बघू."

मग रोज दुपारी मी वस्तीत जायला लागले. पाटलांची सून तिकडं काय करते म्हणून पारावरच्या माना वळायच्या. सासूबाईंनी एकदा हटकलं. "तुजं तितं रोज काय काम?" मी म्हटलं, "पिशव्यांना पाणी मारायचं असतं." त्या दिवसापासून मी परत आले की त्या पाय धुवायला पाणी पुढं करायच्या. ते पाणी कशासाठी, हे मला कळायचं. मी पाय न धुता आत जायची.

पहिल्या पिशव्या हिरव्या पडल्या, घाण वास सुटला. आक्कांनी त्या उकिरड्यावर नेऊन फाडल्या आणि दोघी उकिडव्या बसून कुठून सुरुवात झाली ते शोधत राहिलो. पाचट आत ओलंगच्च राहिलं होतं. दुसऱ्या खेपेला आम्ही ते गरम पाण्यात बुडवून, नीट निथळून, मुठीत दाबून बघितलं आणि मगच भरलं. या वेळी पिशवीच्या आत पांढरं जाळं हळूहळू पसरलं. दिवा धरून आम्ही ते कुठवर आलंय ते बघायचो. आणि एका सकाळी आक्का धापा टाकत आमच्या दारात. "वैनी, चल लौकर, फुटलंय!"

काल टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके होते, आज बोटभर छत्र्या. संध्याकाळपर्यंत आणखी मोठ्या. आम्ही दोघी त्या खोलीतून हललोच नाही.

पण खाणार कोण? कराडच्या मंडईतला भाजीवाला टोपलीत डोकावून म्हणाला, "आवं बाई, ही कुत्र्याची छत्री. हितं कोण घेणार?" सगळी टोपली परत आली. संध्याकाळी आक्का आमच्या अंगणात उभ्या, मी टोपली घेऊन पायरीवर बसलेली. सासरे, तेही जुने फौजी, बाजेवर होते. त्यांनी एक छत्री उचलली, उलटी करून खालच्या चुण्या बघितल्या.

"ही तर मेसमधली," ते म्हणाले. "सायबांच्या पानात वाढायचो आमी."

"चव कशी असते, मामंजी?"

"कुणाला ठावं? आमी निस्तं वाढायचो." मग आक्कांकडे वळून म्हणाले, "करता ईल का तुमाला?"

आक्कांनी दाराकडे बघितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, बाजूला झाल्या नाहीत. शेवटी अंगणातल्या चुलीवर आक्कांनीच कांदा-खोबरं भाजून रस्सा केला. सासऱ्यांनी भाकरी मोडली, पहिला घास बराच वेळ चावला. "मटणावानी लागतंय," ते म्हणाले, "पर मटान न्हाई. आजून वाढा." सासूबाईंनी त्या दिवशी खाल्लं नाही. मला वाटतं पुढच्या आठवड्यात खाल्लं. पातेल्यात कमी दिसलं, एवढंच मी सांगू शकते.

गिऱ्हाईक सासऱ्यांनीच शोधलं. हायवेवर त्यांच्या जुन्या पलटणीतल्या एकाने हॉटेल काढलं होतं. तिथे पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबायच्या आणि त्यातली माणसं अळंबी नावानं मागायची. सकाळच्या एसटीने टोपली जायला लागली. उरलेली आम्ही उन्हात वाळवायचो. पुढच्या हिवाळ्यात वस्तीतल्या दोन आणि आमच्या आळीतल्या तीन घरांनी पिशव्या टांगल्या. त्यांचं पाचट जळायचं थांबलं, पण बाकीचं गाव तसंच काडी लावत राहिलं.

उन्हाळा आला की मात्र सगळं बंद. फुफाट्यात ती पांढरी जाळी मरून जायची. तीन-चार हिवाळे असे गेल्यावर आक्का एकट्या पुण्याला प्रशिक्षणाला गेल्या. घराबाहेर एकटं राहायची त्यांची ती पहिलीच वेळ. परत आल्या त्या थेट आमच्याकडे, पिशवीतून बियाण्याची काचेची बाटली काढत.

"ही जात उन्हाळा सोसती म्हनं. पर हिच्यावर मातीचा थर द्यावा लागतोय."

"माती? कशाला?"

"त्येच तर बघायचं हाय," आक्का म्हणाल्या, आणि आम्ही बाटली उजेडात धरली.