क्वार्टरातली इर्जिक

मी आठवीत शाळा सोडली. इंग्लंडात आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. तो आधी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता, आता इथल्या छावणीगावात तेच करतो. मला काम मिळालं ते फौजेची क्वार्टरं साफ करणाऱ्या कंपनीत. इंग्रजीतला अर्ज मला भरता येईना, तेव्हा सुपरवायझर बाईनं तो स्वतः भरून दिला. हे मी विसरलेले नाही. पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणू नये, म्हणून आधीच सांगते.

फौजेत बदली झाली की क्वार्टर परत करायचं असतं. त्याला इथं मार्च आऊट म्हणतात. तपासणीस येतो, ओव्हनच्या आत हात घालतो, पडद्याच्या दांडीवरून बोट फिरवतो. बोटाला काही लागलं की कागदावर लिहितो आणि ठपका शिपायाच्या नावावर बसतो. त्या एका बोटासाठी आम्ही बायका दिवसभर घासायचो.

माझी इथली पहिली मैत्रीण अशाच क्वार्टरात राहायची. नेपाळची, नवरा ब्रिटिश फौजेत. मी उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून रडकुंडीला आले होते, तेव्हा शेजारून हिंदीत आवाज आला, "दिदी, कहाँ जाना है?" तेव्हापासूनची ओळख. माझी मुलगी तापानं फणफणली तेव्हा डॉक्टरशी माझ्या वतीनं तीच बोलली.

तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्याला लगेच पुढं जावं लागलं. मागं राहिली ती, सिझेरियनचं बारा दिवसांचं बाळ आणि सोमवारची तपासणी. साफसफाईसाठी आमच्या कंपनीकडं तीन आठवडे तारीख नव्हती. मी सुपरवायझर बाईला विचारलं, "रविवारी सुट्टीत मी जाऊ?"

"खासगी काम घेतलंस तर पुन्हा कामावर येऊ नकोस," ती म्हणाली. "नियमाच्या कागदावर तुझी सही आहे."

घरी नवरा म्हणाला, "गप बस. आपण लोकांच्या देशात आहोत."

हे मला नवीन नव्हतं. मी स्वतःच रोज स्वतःला हेच सांगायचे. साधं दूध आणायला गेले तरी पासपोर्टची झेरॉक्स पर्समध्ये असायची.

शनिवारी माहेरी, वडिवळ्याला आईला फोन लावला. भातलावणीचे दिवस. ती ओट्यावर पाय शेकत बसली होती.

"आज चुलत्याकडं इर्जिक व्हती. मटण लय तिखट केलतं, तोंड अजून जळतंय."

ज्याचं रान अडलंय त्याच्याकडं सगळ्यांनी जायचं, मजुरी घ्यायची नाही, त्यानं पोटभर जेवू घालायचं, ही आमच्याकडची इर्जिक. मी आईला इथलं सगळं सांगितलं.

"मग जा की. इचारायचं काय त्यात?"

"नोकरी जाईल, आई."

"तिच्याकनं मजुरी घेणार हायस व्हय?"

"नाही गं."

"मग ते काम कसं झालं? सांग त्या बाईला, आमी अडलेल्याकडं इचारून जात न्हाई. आन् तितं चिखल न्हाई, जळवा न्हाईत, नुसतं पुसायचं, तर एवढी घाबरतीस?"

फोन ठेवला आणि ओळखीच्या बायकांना निरोप धाडले. रविवारी चार नेपाळी आणि एक फिजी बेटांवरची अशा पाचजणी आल्या. मी पातेलंभर मटण आणि भाकऱ्या घेऊन गेले. मैत्रिणीनं पलंगावरून पातेलं पाहिलं आणि तिचं तोंडच उतरलं.

"काम माझ्या घरी आणि जेवण तुझ्या घरचं? लाज काढतेस माझी?"

तिच्या गावाकडं इर्जिकीला पर्म म्हणतात, आणि तिथंही जेवू घालतं ते घरचंच माणूस. मला हे कळायला हवं होतं. बाळंतिणीला चुलीपाशी जायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिनं पडल्या पडल्या एकीला डाळ, एकीला भात लावायला सांगितलं. आमची हुज्जत संपेना, तशी फिजीची म्हणाली, "भांडा, पण आधी वाढा." मग मटण-भाकरीही खाल्ली आणि डाळभातही.

तिसऱ्या प्रहरी दारात माझा नवरा. दुपारची पाळी करून तसाच आला होता. ओव्हनमध्ये डोकावून म्हणाला, "हा घासलाय म्हणायचा? सरक." आणि बाह्या सारून गुडघ्यावर बसला. घाबरलेला होताच. तरी आला.

सोमवारी तपासणीसाच्या बोटाला काही लागलं नाही. हे कंपनीचंच काम समजून त्यानं खुशीत सुपरवायझर बाईला फोन करून तुमच्या बाईनं घर छान केलंय म्हणून सांगितलं. त्या कौतुकानंच मी पकडले गेले.

मंगळवारी तिनं माझ्यापुढं एक कागद सरकवला. मी खासगी काम घेतलं, चूक झाली, असा मजकूर. "सही कर. मी इथंच मिटवते," ती म्हणाली, आणि ते चांगल्या मनानंच म्हणाली. मी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं.

"काम नव्हतं," मी म्हटलं.

"मग काय होतं? कुणी दिले पैसे?"

"कुणीच नाही."

"मग केलंस कशाला?"

इर्जिकीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही. म्हटलं, "ती अडली होती. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. पण हे खोटं आहे, यावर मी सही करणार नाही."

खुर्चीला धरून उभी होते, पण बसले नाही.

तिनं काढून टाकलं नाही, पण क्वार्टरांचं काम काढून घेतलं. आता मी पहिल्या बसनं जाऊन ऑफिसांचे जिने पुसते. मैत्रीण दुसऱ्या देशात आहे, बाळ रांगायला लागलंय. सही केलीस तर पुन्हा क्वार्टरं देते, असं बाई परवाही म्हणाली. मी तिला तिच्या मुलांची खुशाली विचारली, आणि सहीला पुन्हा नाही म्हटलं.