बड्याची जीभ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच, ती आता राहिलीही नाही. तुम्हाला का सांगतोय? मलाच धड माहीत नाही. गप्प बसवत नाही, एवढंच. लिहायला बसतो, उठतो, चहा टाकतो, परत बसतो.

आधी खाण्याचं सांगतो, ते सोपं आहे. आम्ही डोंबिवलीचे. घरी मासे-मटण सगळं चालायचं, पण 'बड्याचं' म्हटलं की आई कानांवर हात ठेवायची. बड्याचं म्हणजे बीफ. आणि मी ते खाल्लं—चवीनं, बोटं चाटून खाल्लं. पण कबूल करायचंय ते हे नाही. खाल्ल्याचं मला काडीइतकंही वाटत नाही.

साल दोन हजार नऊ. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. आमच्या कंपनीनं एका मेलमध्ये अर्धं ऑफिस काढलं, त्यात मीही. बायको-मुलीला इंडियात पाठवलं आणि डिस्कव्हरी गार्डन्समध्ये शेवड्यांच्या फ्लॅटवर राहायला गेलो. शेवडे पुण्याचे, एका कन्सल्टन्सीत मॅनेजर, पक्के शाकाहारी. फ्लॅट त्यांच्या नावावर. माझ्या खोलीत दापोलीकडचे इस्माईलभाई, साइटवर फोरमन. शेवड्यांनी आम्हा दोघांना एकच अट घातली होती—चिकन-मटण हवं तर वेगळ्या भांड्यात करा, पण बड्याचं या घरात येता कामा नये.

इस्माईलभाईंनी ती अट पाळली. मोडली कोणी? सांगतो ना, जरा दम धरा.

एका शुक्रवारी ते मला शारजाला, त्यांच्या गाववाल्याकडे जेवायला घेऊन गेले. ताट समोर आलं तसा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "थांब भाऊ, ही बड्याची जीभ आहे. तुला चालत नसेल तर सोड, दुसरं आहे." मी म्हणालो, चालतं. त्यांनी परत विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. दोनदा विचारलं हो त्या माणसानं! आणि काय सांगू—इतकं मऊ मांस मी जन्मात खाल्लं नव्हतं.

मग मला चटकच लागली. नोकरी नाही, दिवसभर घरात येरझाऱ्या, डोकं भणभणलेलं, आणि त्यात हे एक वेड. शुक्रवारी शेवडे बहिणीकडे जायचे ते संध्याकाळी उगवायचे. मी इस्माईलभाईंच्या मागे लागलो, इथेच करू. ते म्हणाले, नको रे, खलास, पुरे झालं, कशाला नसत्या भानगडी? मी त्यांना भित्रा म्हणून चिडवलं. आणि स्वतः जाऊन जीभ घेऊन आलो. अख्खी—हातभर लांब, राखाडी, खरखरीत. आलं-लसूण आणि मिरी घालून ती चांगली तीन तास उकळायची. मग गरम असतानाच वरची पांढरी साल सोलायची, थंड झाली की निघत नाही. बोटं भाजायची. मोजा काढावा तशी साल निघायची आणि मला केवढा आनंद व्हायचा! मग काप करून इस्माईलभाईंच्या भाजक्या खोबऱ्याच्या वाटणात परतायचे. पुढे वजडी केली, शेपटीचा रस्सा केला. दर वेळी आणायचो मीच.

आणि एका शुक्रवारी शेवडे दुपारीच परतले. बहीण तापानं पडली होती म्हणून. इस्माईलभाई गॅसवरच्या पातेल्यापाशी, मी ओट्याशी, हातात सुरी, समोर अर्धी सोललेली जीभ, आणि शेजारी रिकामं पाकीट—त्यावर ठसठशीत 'बीफ'. त्यांनी ते वाचलं. माझ्याकडे बघून विचारलं, हे काय आहे?

रविवारी त्यांच्याच कंपनीत माझा इंटरव्ह्यू होता. त्यांनीच लावलेला. व्हिसाचे बारा दिवस उरले होते.

मी म्हणालो, "बकऱ्याची आहे म्हणून सांगितलं मला यांनी. आणलीय यांनीच, पाकीट मी आत्ता बघतोय."

बकऱ्याची! बकऱ्याची जीभ तळहाताएवढीसुद्धा नसते. मटण खाणारा तिसरा कुणीही तिथे असता तर तोंडावर हसला असता. शेवड्यांनी आयुष्यात मटणाकडे नीट बघितलंही नव्हतं. त्यांना खरं वाटलं.

इस्माईलभाई एवढंच म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं, भाऊ."

"नाही सांगितलं," मी म्हणालो.

त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणालो. संध्याकाळपर्यंत त्यांना घर सोडायला लागलं. एक बॅग, एक गादी. जाताना मला म्हणाले, गॅस बंद कर, पाणी आटेल. मी गॅस बंद केला. नोकरी मला मिळाली. आणि आपल्या मराठी लोकांत बभ्रा झाला—हा माणूस फसवून खायला घालतो—मग त्यांना खोली कोण देणार? गाववाल्याच्या हॉलमध्ये जमिनीवर काही महिने काढून ते पार पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानला गेले, असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. एक फोन करायला काय लागत होतं?

आणि हे तिथेच थांबलं असतं तरी—नाही, थांबलं नाही. बायको-मुलगी परत आल्यावर शेवड्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, आणि ती दर गणपतीत, चार लोक जेवायला बसले की सांगते: ह्यांना त्या इस्माईलनं कसं फसवून खायला घातलं. नवीन आलेल्या मुलांना बजावते, रूम बघताना पार्टनर कोण आहे ते बघा बरं. मी शेजारी बसून ऐकतो. एकदा तर लाज सोडून मीच त्यात भर घातली—कळल्यावर मला उलटी झाली म्हणे. कसली उलटी? संध्याकाळी ते गेल्यावर, उरलेली जीभ मी बाहेर बाकावर बसून संपवली होती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही खोर फक्कानच्या बीचवर गेलो. बायको गाडीतून डबे काढत होती, मी आणि मुलगी पुढे चालत होतो. समोरून इस्माईलभाई. दाढी पांढरी झालेली. त्यांनी लगेच ओळखलं, दोन्ही हातांनी माझा हात धरला, तब्येत विचारली. मुलीला म्हणाले, तुझे बाबा आणि मी एका खोलीत राहायचो, स्वयंपाक मी करायचो. मी त्यांचं नाव घेतलं नाही. नाव तिला पाठ आहे.

मुलीनं हसून विचारलं, "ओ नाइस! व्हॉट डिड यू कुक?"

ते माझ्याकडे बघत राहिले. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे.

"डाळ-भात, बेटा," ते म्हणाले. "रोज डाळ-भात."

तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी नुसती मान डोलावली.