गॅरेजमधलं डांबर

अकोल्याच्या घरी आज गॅरेजच्या काँक्रीटमधल्या जुन्या फटी खरवडून नवं डांबर भरलं, आणि त्या वासासरशी बाबा आठवले.

खालची काळी माती फुगते, आखडते, म्हणून बाबांनी या फटी मुद्दाम ठेवल्या होत्या. मी लहान असताना एका दुपारी त्यांनी त्यांत डांबर भरलं, आणि कुरडया वाळत घालायला निघालेल्या आईचा पाय नेमका निवत आलेल्या डांबरात पडला.

"खाली पायता येत नाई का तुले?" म्हणत बाबांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि रॉकेलच्या बोळ्याने एकेक बोट पुसू लागले.

"सोडा ना, पोरगी पाहून राह्यली," आई म्हणाली. पण पाय काही तिने ओढून घेतला नाही.

एरवी दोघांचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं. मी लाजून तोंड फिरवलं.

आता दोघंही नाहीत. त्या दुपारी मेलं तोंड फिरवलंच कशाला मी!