सीलबंद पाकिटातला बोल्ट

भुताखेतांचं सोडा, मी माणसांवरही सहजासहजी विश्वास ठेवत नाही. या पानावर येणारे निम्मे अनुभव मला थापा वाटतात. तरी माझा लिहितोय... कारण सूनबाईच्या कॉम्प्युटरवर 'अपडेट करा' असं सारखं येतं, ती 'नंतर' दाबते, आणि मला एक जुना बोल्ट आठवतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष. बेलापुरात आमची ऑईल इंजिनवरची पिठाची गिरणी होती. धाकटा भाऊ भानुदास ती चालवायचा. इंजिनाच्या कंपनीकडून एक सीलबंद पाकीट आलं, सोबत चिठ्ठी. मोठं चाक धरून ठेवणारा बोल्ट कच्चा निघालाय, सोबतचा नवा लगेच बसवा — फुकट! मला तिथेच शंका आली.

भानुदास म्हणाला, "दादा, अवसंला गिरनी बंदच असती. तवा बदलू."

"चालतंय न्हवं? मग हात लावायचा न्हाई. वर्साला एकदा, दसऱ्याला इंजन उघडू."

खंडेनवमीला पाकीट पूजेत ठेवलं. हिने लाखेच्या सीलवर हळदीकुंकू वाहिलं... आणि मी ते तसंच ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या करगोट्याला. पुढे दर अवसेला भानुदास विचारायचा आणि मी पुढची अवस दाखवायचो.

एकदा घोडेगावच्या बाजारात ऐकलं — तसल्याच इंजिनाचं चाक निखळलं, चालवणाऱ्याचा पाय गेला. आमचा भानुदास दिवसभर त्या चाकाला खेटून उभा! शब्बीर मिस्त्रींना घेऊन तडक गिरणी गाठली, इंजिन बंद करायला लावलं.

शब्बीरभाईंनी बोल्ट पाहिला. "शेट, चेष्टा करता व्हय? ह्यो तर नवाकोरा हाय."

मी भानुदासकडे वळलो. "किल्ली कवा चोरलीस रे?"

"आईची आन, दादा. म्या न्हाई."

त्याला उघडा पाडायचा म्हणून सगळ्यांसमोर ट्रंक उघडली. पाकीट जागेवर होतं. सील अखंड, वर वाळलेलं कुंकू. फोडलं, तर आत जुना बोल्ट! तेलाने काळा, अर्ध्यापर्यंत चिरलेला... आणि हाताला अजून कोमट.

भानुदास आज सत्तरीपुढे आहे, स्वतःच्या दोन पायांवर रोज मळ्यात जातो. माझा संशय अजून त्याच्यावरच आहे. खरं सांगू? त्याने कबूल केलं तर मला बरंच वाटेल. पण विषय निघाला की तोच माझ्याकडे रोखून बघतो — "दादा, आता तरी खरं सांग. तूच बदलला हुतास ना?"